जुन्या पक्षीचित्राच्या फ्रेममध्ये पुन्हा पुन्हा लाटा, धुकं आणि तपकिरी ठिपके येत असतील तर

माझ्याकडे एका खंड्याचं जुनं चित्र आहे. शिळाछाप (दगडावरून छापलेलं), वर हाताने भरलेले रंग, कुठल्या तरी मोडक्या पुस्तकातून सुटं झालेलं पान. ही फ्रेम मी चार वेळा उघडली. पहिल्यांदा कागदाला लाटा आल्या म्हणून. कागद सपाट केला, परत बसवला, चार महिन्यांत लाटा हजर. दुसऱ्यांदा काच बदलली. तिसऱ्यांदा फ्रेमवाल्याकडे दिली. त्याने फ्रेमची पट्टी नवी घातली, माउंट (चित्राभोवतीची खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट) नवा घातला आणि मागे मात्र जुनंच हार्डबोर्ड परत ठोकलं. दमट दिवस आले आणि खंड्याच्या शेपटीपाशी पुन्हा ठिपके उमटले. चौथ्या वेळी मी चित्राला जवळपास हातच लावला नाही. भिंत बदलली, पाठ बदलली. त्यानंतर आजतागायत ती फ्रेम उघडायची वेळ आलेली नाही.

तेव्हापासून ओळखीपाळखीतल्या अशा फ्रेम माझ्याकडे येत असतात. पोपट, घुबडं, बगळे, एकदा एक अख्खं मोराचं कुटुंब. तक्रार ठरलेली: "आत्ताच तर नवी करून घेतली होती!" कारणही बहुतेक वेळा ठरलेलं. दुखणं काचेतून दिसतं, पण ते शिरलेलं असतं मागून. म्हणून खालचा क्रम मुद्दाम असा आहे की फ्रेम उघडायची पाळी शक्यतो येऊच नये, आणि आलीच तर आपण काय शोधतोय ते आधीच ठाऊक असावं.

आधी लक्षणं

फ्रेम उतरवण्यापूर्वी चांगल्या उजेडात दोन-तीन फोटो काढा. नंतर "हा ठिपका आधी होता का?" यावर घरात वाद होतात, त्या वेळी ते कामाला येतात.

- कागदाला लाटा. दमट दिवसांत वाढतात, कोरड्या दिवसांत कमी होतात.
- काचेच्या आतल्या बाजूला धुकं किंवा बारीक थेंब. बाहेरून पुसून जात नाहीत.
- तांबूस-तपकिरी ठिपके, मोहरीएवढे किंवा त्याहून लहान, कडा पुसट. यामागे बुरशी असते किंवा कागदात राहिलेले लोखंडाचे सूक्ष्म कण, कधी दोन्ही. दोघांनाही जाग येते ती ओलाव्याने.
- माउंटच्या खिडकीला लागून तपकिरी रेघ. ही माउंटच्या आम्लामुळे पडते, पाण्याशी तिचा संबंध नाही.
- खालच्या कडेला नागमोडी डाग, सांडलेला चहा सुकल्यावर कागदावर राहतो तसा.
- कागदाचा वरचा थर खरवडल्यासारखा दिसणं, कडा कुरतडलेल्या. ही कसर. तिला कागदातली खळ आवडते, आणि खळ ओलसर असली की फारच.
- पक्ष्याचा पांढरा भाग करडा किंवा काळपट होणं. याबद्दल शेवटी बोलू, तोवर त्याला हात लावू नका.

एकाच फ्रेममध्ये यातली तीन-चार लक्षणं एकदम दिसतात. घाबरू नका, मूळ बहुधा एकच असतं.

काच कशी पुसता?

ही तपासणी फुकट आहे आणि लोकांना अपमानास्पद वाटते. पण खालच्या कडेला नागमोडी डाग असेल तर मी पहिला प्रश्न हाच विचारतो. काचेवर थेट फवारा मारला की पाणी ओघळून काच आणि पट्टी यांच्यामधल्या फटीत उतरतं. तिथून केशाकर्षणाने ते आत चढतं, माउंट ते टिपून घेतो आणि माउंटमधून ते चित्रात जातं. दर आठवड्याला थोडं थोडं. घर स्वच्छ ठेवणाऱ्यांच्या फ्रेम जास्त खराब होतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

फवारा फडक्यावर मारा, काचेवर नाही. फडकं पिळून जवळपास कोरडं हवं. कडेपासून बोटभर जागा कोरड्या फडक्याने पुसा. डाग फक्त खालच्या कडेला असेल आणि बाकी चित्र ठीक असेल, तर इथेच थांबून दोन-तीन महिने वाट बघायला हरकत नाही. जुना डाग जाणार नाही, पण वाढला नाही तर कारण सापडलं.

भिंत

फ्रेम उतरवा आणि ती जिथे होती त्या जागेवर तळहात ठेवा. मग हातभर बाजूला ठेवा. फ्रेममागची जागा जास्त गार लागते का? भिंतीच्या पलीकडे काय आहे? न्हाणीघर, पाण्याचा नळ, की उघडं आभाळ? बाहेरची भिंत गार असते, फ्रेममागे हवा खेळत नाही, त्यामुळे तेवढा तुकडा आणखी गार राहतो. खोलीतली दमट हवा तिथे पोचली की ओलावा सोडते. तो टिपून घ्यायला हार्डबोर्ड तयारच असतं.

तळहाताला समजत नसेल तर अॅल्युमिनियम फॉइलचा पुस्तकाच्या पानाएवढा तुकडा भिंतीला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि दोन दिवस राहू द्या. फॉइलच्या भिंतीकडच्या बाजूला ओल आली तर पाणी भिंतीतूनच येतंय. मग चित्र दुसरीकडे हलवा आणि आधी भिंतीचं बघा; फ्रेमवर कितीही खर्च केलात तरी ती भिंत तो खाणार. ओल खोलीकडच्या बाजूला आली तर भिंत कोरडी पण गार आहे. हे सुधारता येतं. फ्रेमच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाच्या चकत्या चिकटवा, साधारण ५ मिलिमीटर जाड. बाटलीचं नैसर्गिक बूच कापलं तरी चालतं. फ्रेम भिंतीपासून सुटते आणि मागून हवा वर जात राहते. इतक्या क्षुल्लक गोष्टीने धुकं कायमचं गेलेल्या फ्रेम मी पाहिल्या आहेत.

न्हाणीघर, शेगडी आणि एसीचा थेट झोत, या तिन्हींच्या वाटेत जुना कागद टांगू नका.

हवेतला ओलावा मोजा

खोलीतली आर्द्रता दाखवणारा छोटा डिजिटल मीटर घ्या. इथे पहिल्यांदा थोडा खर्च येतो. तो चित्राजवळ ठेवा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. कागदाला ४० ते ५५ टक्के मानवतं. ६५ च्या वर बराच काळ राहिलं की बुरशीला मैदान मोकळं. पण एकदाच वाचलेल्या आकड्यापेक्षा चढउतार जास्त बोलका असतो. दिवसा ४५ आणि रात्री ७० असं रोज होत असेल तर कागद रोज फुगतो आणि रोज आकसतो.

स्वस्त मीटरवर आंधळा विश्वास नको. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, चिखल होईल इतकंच पाणी घाला, आणि ते झाकण मीटरसोबत हवाबंद पिशवीत दहा-बारा तास ठेवा. आत आर्द्रता ७५ टक्क्यांवर स्थिरावते. मीटर ७० दाखवत असेल तर पुढे प्रत्येक आकड्यात पाच मिळवा.

लाटा का येतात तेही इथेच समजून घ्या, कारण सगळ्या चुका या एका गोष्टीच्या अज्ञानातून होतात. कागदाचे तंतू ओलावा घेऊन जाड होतात, लांब फारसे होत नाहीत. यंत्रावर केलेल्या कागदात बहुतेक तंतू एकाच दिशेला असतात, त्यामुळे कागद त्यांच्या आडव्या दिशेला जास्त वाढतो. वाढायला जागा असेल तर तो वाढून परत येतो. चारही कडांनी टेप लावून जखडलेला असेल तर वाढलेला भाग जाणार कुठे? मधे उचलला जातो. "लाटा येऊ नयेत म्हणून चारी बाजूंनी घट्ट चिकटवलं" असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला निदान मिळालेलं असतं.

ऊन आणि दिवे

थोडक्यात: थेट ऊन नको, फ्रेमवर चिकटवलेला दिवा नको. जलरंगांसाठी संग्रहालयं साधारण ५० लक्स इतका मंद प्रकाश ठेवतात. अतिनील किरण अडवणारी काच मदत करते, पण दिसणारा प्रकाशही रंग उडवतो, त्यामुळे तेवढ्यावर निश्चिंत होऊ नका. उडालेला रंग परत येत नाही. तो पुन्हा भरायचा मोह तर अजिबात नको.

टॉर्च, अजून न उघडता

खोली अंधारी करा, फ्रेम टेबलावर आडवी ठेवा आणि टॉर्च कडेला काचेशी जवळपास समांतर धरा. समोरून न दिसणाऱ्या गोष्टी या तिरप्या उजेडात उठून दिसतात. लाटा एकमेकींना समांतर असतील तर कारण हवेतला ओलावा. त्या कोपऱ्यांतून किंवा ठरावीक बिंदूंमधून पंख्यासारख्या पसरत असतील तर तिथे टेप किंवा डिंक आहे. कुठे कागद काचेला टेकलाय का तेही बघा. टेकलेली जागा गडद आणि ओली असल्यासारखी दिसते.

मग माउंटच्या खिडकीची तिरकी कापलेली कड बघा. आतला गाभा पांढराशुभ्र असेल तर ठीक. पिवळट किंवा तपकिरी असेल तर तो माउंट आम्लयुक्त आहे आणि चित्राला खिडकीच्या आकाराचा चटका देतोय.

मागची बाजू राहिलीच. तपकिरी कागद फाटलाय? भोकं आहेत? कसर आत शिरायला तेवढं पुरतं.

उघडताना

भिंत ठीक, आकडे ठीक, पुसणं ठीक आणि तरीही त्रास आहे, तरच उघडा. हात धुऊन पूर्ण कोरडे करा. टेबलावर स्वच्छ टॉवेल, त्यावर फ्रेम पालथी. मागचा कागद कापून काढा, पण त्यावर जुनी चिठ्ठी, शिक्का किंवा हस्ताक्षर असेल तर तो तुकडा जपून ठेवा. मागचे बारीक खिळे पक्कडीने सरळ करून एकेक काढा, उपटू नका. बॅकिंग, म्हणजे पाठीचा बोर्ड, सावकाश उचला. मग माउंट आणि चित्र एकत्रच उचलायला बघा. काच खालीच राहिली पाहिजे. चित्र काचेला धरून बसलं असेल तर ओढू नका, फुंकर नका मारू, गरम हवा नको. बॅकिंग परत ठेवा आणि सरळ शेवटच्या भागाकडे जा.

जुन्या पक्षीचित्रांत हे चिकटणं जास्त का होतं, त्याला खास कारण आहे. पक्ष्याच्या डोळ्याला जिवंत चमक यावी किंवा पिसांवर तकाकी यावी म्हणून रंगारी तिथे बाभळीच्या जातीच्या डिंकाचा हात फिरवत. ओलावा मिळाला की हा डिंक मऊ होतो आणि काचेला धरतो. जोर केला तर डोळा काचेवर राहतो आणि चित्रात आंधळा पक्षी. एका घुबडाच्या बाबतीत मी हे केलंय. अजून वाईट वाटतं.

सुटं निघालं तर आपल्या हातात नेमकं काय आहे ते दहापट भिंगाने बघा, कारण पुढे किती धाडस करायचं ते त्यावर ठरतं. रंग बारीक ठिपक्यांच्या फुलांनी बनलेला दिसला तर ही अलीकडची ऑफसेट छपाई. सजावटीच्या पक्षीचित्रांत अशाच प्रती जास्त सापडतात. जपा, पण झोप उडवून घेऊ नका. रेषा खडूसारख्या रवाळ असतील आणि त्यांच्यावर रंगाचे सलग हात असतील, कुठे रेषेबाहेर किंचित गेलेले असतील, तर हाताने रंगवलेला शिळाछाप. इंग्रज पक्षीतज्ज्ञ जॉन गोल्ड (१८०४ ते १८८१) याच्या ग्रंथांतली पक्ष्यांची पानं या प्रकारची. चित्राभोवती कागदात दबलेली चौकट बोटाला जाणवली तर ती तांब्याच्या पत्र्याची कड असू शकते. अमेरिकेच्या पक्ष्यांचा चित्रकार ऑड्युबॉन याची ४३५ चित्रं १८२७ ते १८३८ या काळात पत्र्यावर कोरून छापली आणि मग हाताने रंगवली गेली. त्याच चित्रांच्या पुनर्मुद्रणांचा मात्र सुकाळ आहे, तेव्हा नाव वाचून नाचण्याआधी भिंग लावा. हाताने रंगवलेलं निघालं तर पाण्याचा थेंबही जवळ आणू नका, आणि पुढचं चिकटवण्याचं काम जाणकारावर सोडा.

चित्राची पाठही वाचा. फळ्यांची जुनी पाठ असेल तर गाठींचे गोल डाग आणि फळ्यांमधल्या फटीची सरळ रेघ कागदावर उमटलेली असते. हिरव्या पोपटाचा आकार मागे तपकिरी उमटलाय का? तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागदाला आतून जाळतो, तो हा. तसा कागद त्या जागी ठिसूळ असतो, वाकवू नका. जुन्या हिरव्या रंगांत आर्सेनिकही असू शकतं, म्हणून रंग खरवडणं, पूड उडवणं सक्त मना.

पाठ आणि माउंट

पुन्हा पुन्हा येणारा त्रास शेवटी इथे संपतो. हार्डबोर्ड, एमडीएफ, प्लायवुड आणि खोक्याचा पुठ्ठा, चारही वाईट. आम्ल सोडतात, ओलावा साठवतात आणि हळूहळू कागदाला देत राहतात. नवी पट्टी, नवी काच आणि मागे जुनं हार्डबोर्ड म्हणजे आंघोळ करून ओले कपडे परत चढवणं. शंका असेल तर आम्ल तपासायचं पेन बॅकिंगवर ओढा. पिवळी रेघ आली तर आम्ल आहे, जांभळी आली तर ठीक. चित्रावर हे पेन चुकूनही नको, रेघ जात नाही.

माउंट आणि बॅकिंग दोन्ही आम्लमुक्त घ्या. सुती लगद्याचा म्यूझियम बोर्ड सर्वांत चांगला. चित्र बॅकिंगला फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी धरायचं: जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या आणि गव्हाच्या स्टार्चची खळ. खळ लावायची धास्ती वाटत असेल, किंवा हाताने रंगवलेलं असेल, तर आम्लमुक्त कागदाचे कोपरे करून त्यांत चित्राचे कोपरे अलगद सरकवा. चित्राला काहीच चिकटत नाही. चारही बाजूंना फ्रेमच्या आत २-३ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. सेलोटेप नको, दुहेरी टेप नको, आणि "फोटोसाठीचा" म्हणून विकला जाणारा गोंदही नको. माउंट नको असेल तर काच आणि कागद यांच्यात कडेने बारीक पट्टी घालून फट ठेवा.

आता ती गोष्ट, जी मला तीन वेळा समजली नव्हती. जोडण्याच्या आधी बोर्ड, माउंट आणि चित्र त्या मीटरवाल्या खोलीत दोन दिवस उघडं राहू द्या, आणि आकडा ५५ च्या खाली असतानाच बंद करा. दमट दिवशी फ्रेम नीट हवाबंद केली तर ओलावा आतच कोंडला जातो. नंतर खोली गार पडली की तो काचेवर धुकं होऊन बसतो. जितकं बंद करणं सुबक, तितका त्रास जास्त.

लाटा आलेल्या छापील प्रतीला जाड टीपकागदांमध्ये ठेवून वर सपाट वजन द्या, आठवडाभर. इस्त्री नाही. डिंकाची चमक असलेल्या चित्राला वजनही नाही. थोडी लाट राहिली तर राहू द्या, जुना कागद आहे तो.

मागे सिलिका जेलच्या पुड्या घालायची टूम निघाली आहे. दमट खोलीत त्या लवकर भरतात आणि मग नुसत्या पडून राहतात. डांबरगोळ्या तर फ्रेममध्ये नकोतच.

इथे हात थांबवा

चित्र काचेला चिकटलंय. पूर्ण कागद पुठ्ठ्याला चिकटवलेला आहे. रंग पापुद्र्यांनी सुटतोय. कोपरा वाकवताच तुटतो. जुना सेलोटेप चित्राच्या बाजूने लावलाय. यांपैकी एकही असेल तर फ्रेमवाल्याकडेही नेऊ नका; कागदाचं संवर्धन करणाऱ्या माणसाकडे न्या. फ्रेम करणं आणि कागद वाचवणं ही दोन वेगळी कामं आहेत.

लवदार, बोटाला लागणारी बुरशी दिसली तर ती जिवंत आहे. ब्रश मारून घरात उडवू नका. मास्क लावा, चित्र बाकी कागदांपासून दूर, कोरड्या हवेशीर जागी ठेवा आणि संवर्धकाला फोन करा.

काळपट पडलेला पांढरा भाग खोडरबराने घासू नका. जुना पांढरा रंग बऱ्याचदा शिशाचा असतो. हवेतल्या गंधकाच्या वायूंशी संयोग होऊन त्याचं काळं सल्फाइड होतं. जाणकार माणूस हायड्रोजन पेरॉक्साइड नेमक्या जागी वापरून ते पुन्हा पांढरं करू शकतो. घरी केलं तर कागद ओला, रंग पसरलेला आणि हाताला शिसं.

संवर्धकाला कामापूर्वीचे फोटो, काय करणार त्याची लेखी नोंद आणि कोणती खळ वापरणार हे विचारा. ठिपके घालवायला पहिल्याच भेटीत ब्लीच सुचवणाऱ्याकडून चित्र परत घेऊन या. ब्लीचने ठिपके जातात, पण कागदाचे तंतूही कमकुवत होतात.

नेताना चित्र आडवं ठेवा, दोन कडक पुठ्ठ्यांच्या मधे, चित्रापेक्षा चारही बाजूंनी मोठ्या. काचेला चिकटलेलं असेल तर फ्रेममधून काढूच नका, आहे तसं आडवंच न्या, आणि सोबत जुनं बॅकिंगही घ्या. डाग कुठून आला हे संवर्धकाला त्यावरूनच आधी समजतं.